गाळलेल्या चौदा खेळी

दादा, शेवटचे नऊ दिवस आपण एकमेकांशी जपानीत बोललो. दोघांची मराठी शाबूत असताना. तुम्ही मला 'मृणाल-सान' म्हणत होता, मी तुम्हाला 'जाधव-सान', आणि दोघंही कमरेत वाकत होतो. ऑफिसातल्या बाकीच्यांना वाटलं असेल, या दोन भारतीयांना अखेर वळण लागलं. भांडण होतं ते. इतक्या सभ्यपणे माझ्याशी जन्मात कुणी भांडलेलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी दारापाशी बुटाची नाडी बांधत तुम्ही 'ओत्सुकारेसामा देशिता' म्हणालात, सगळे सगळ्यांना निघताना म्हणतात ते. मीही तेच म्हटलं आणि स्क्रीनकडे वळले. रविवारी सकाळी वहिनींचा फोन आला. आंघोळीला जाता जाता छातीत कळ आली, आणि अँब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं.

मला तुमचा राग येतो, हे आधीच सांगून टाकते. चांगलं चांगलं लिहायचं काम क्लबनं केलंय. पत्रकात छापलंय, 'मनमिळाऊ प्रशिक्षक.' तुम्ही आणि मनमिळाऊ. वाचून मला वहिनींसमोर हसू फुटलं आणि मग वहिनीही हसल्या, आणि मग आम्हा दोघींचं काय झालं ते सांगत नाही.

काल तुमचा तेरावा झाला. येत्या बुधवारी ड्राफ्ट आहे. या दोन दिवसांच्या मध्ये तुम्हाला काहीतरी सांगायचं राहिलंय, आणि ते मी मराठीतच सांगणार आहे.

मी आठ वर्षांपूर्वी अनिकेतच्या मागून जपानला आले. टोकियोतल्या हिगाशी-कसाईच्या इमारतीत सगळ्या बायका तशाच आलेल्या, नवऱ्याच्या कंपनीच्या मागून. दोन वर्षं कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, अरुबाइतो केला, तासांवरचं काम, गरम भज्यांच्या काउंटरला उभी राहून भाषा शिकले, आणि मग आकड्यांचं जुनं काम शोधत शोधत योकोहामाच्या या क्लबात येऊन पडले. हेल्मेट घालून एकमेकांना फोडतात तो अमेरिकन फुटबॉल. मी जन्मात एक सामना पाहिला नव्हता. पहिल्याच दिवशी तुम्हाला हे सांगितलं तर म्हणालात, बरं झालं, अजून बिघडली नाहीस.

तुम्ही तरी कुठे या खेळातले होता? इचलकरंजीचे, कबड्डीत उजव्या कोपऱ्यावर उभे राहणारे. नेटवर्कची नोकरी करायला आलात, वीस वर्षं राहिलात, आणि रविवारी बागेत जपानी पोरांना कबड्डी शिकवायचात. आमचे मुख्य प्रशिक्षक नोगुचि-सान कुत्र्याला फिरवत तिथून चालले होते. साठ किलोचा पोरगा ऐंशी किलोच्या पोराला घोट्याला धरून आडवा करतो आणि दोघंही हसत उठतात, हे त्यांनी पाहिलं. आमचा बचाव त्या वर्षी इतका फुटका होता की समोरचा चेंडू घेऊन धावायला लागला की आमची माणसं बाजूला होऊन वाट देतायत असं वाटायचं. सगळे सामने हरलो होतो. नोगुचि-साननी तुम्हाला पकड शिकवायला नेमलं. 'टॅकल' हा शब्द तुम्ही कधी वापरलाच नाही. मैदानात पहाडासारखी जपानी पोरं 'पकादो, पकादो' ओरडत पळायची.

आता ड्राफ्ट म्हणजे काय हे वहिनींना मी परवा समजावलं. विद्यापीठांतून बाहेर पडणारे खेळाडू एका दिवशी संघ वाटून घेतात, आणि जो संघ सगळ्यात खाली, त्याची पहिली पाळी. वहिनी म्हणाल्या, म्हणजे हरल्याचं बक्षीसच की. गेल्या वर्षी ते बक्षीस आपलं होतं. त्या आधीच्या चाचणी शिबिरात मी मुलांच्या धावा मोजत होते, उड्या मोजत होते, आणि तुम्ही मैदानाकडे पाठ करून बाकावर ओळीनं मांडलेली हेल्मेटं हातात घेऊन बघत फिरत होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला खेळ कळत नाही, सामान बघतोय. मग तुम्ही मला बोलावून दाखवलंत. हेल्मेटाच्या माथ्यावर समोरच्या संघांच्या रंगांचे ओरखडे असले की समजायचं, पोरगा डोकं घालतो. खांद्याच्या पॅडवर ओरखडे असले की तो धरतो. "डोकं घालणारा दोन वर्षं टिकतो," तुम्ही म्हणालात. "धरणारा दहा."

कुरोइवाच्या हेल्मेटाच्या माथ्यावर सगळ्या विद्यापीठांचे रंग होते.

मला कुरोइवाच हवा होता. बचावाच्या मधोमध उभा राहणारा, समोरून येणाऱ्याला छातीत घुसून उलटा पाडणारा. माझे आकडे सांगत होते की त्याच्यासारखा त्या वर्षात दुसरा नाही, आणि आकडे खोटं बोलत नव्हते. पण नुसते आकडेच होते असंही नाही. त्याच्या टकरींची चित्रफीत मी पुन्हा पुन्हा लावायची. एका मुलाच्या तोंडातून दातांचं रबर रक्तासकट उडून गेलेलं एका फितीत दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. घाबरून नव्हे. मला आवडलं होतं. चिंचवडच्या शाळेत वर्गात मागच्या बाकावर बसलेल्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा मुलीला ते इतकं आवडेल असं कुणाला वाटलं नसतं, पण तुम्हाला माझ्या तोंडाकडे बघून कळलं. तुम्ही विरोध केलात, मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटलेत, आणि हरलात. कुरोइवा आला.

आणि आल्यावर तुम्हीच त्याला डोक्यावर घेतलंत, हे विसरायचं नाही. मासेमारीच्या गावातला चोवीस वर्षांचा पोरगा, मैदानात शिरताना गवताला नमस्कार करणारा. उन्हाळ्यात चटई टाकून तुम्ही त्याच्याशी कुस्तीच खेळत होता. खाली शिर, मान वर ठेव, मांडी धर, सोडू नको. तो पुन्हा डोकंच घालायचा. एकदा त्यानं तुमचं नाक फोडलं. पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचे ओघळ, आणि तुम्ही त्याच्या मानगुटीला धरून त्याला पुन्हा चटईवर आपटताय. चौपन्न वर्षांचा माणूस. मी बर्फ घेऊन धावत आले तर मलाच ओरडलात, मधे येऊ नको म्हणून. तो पोरगा तुमच्या पायाशी कपाळ टेकून माफी मागत होता आणि तुम्ही नाकात कापूस कोंबून हसत होता. मला तेव्हा तुम्ही दोघंही वेडे वाटलात, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला.

त्याच दिवशी बाकावर बसून कोंबिनीतली ओनिगिरी, भाताचा मुटका, खाता खाता तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. गावाकडच्या खुल्या स्पर्धेतली. पोपट नावाचा चढाईपटू तुमच्या कोपऱ्यात आला, तुम्ही घोटा धरला, आणि धरल्यावर पुरे होतं तरी गुडघा घालून त्याच्या पायावर बसलात. हाड मोडलेलं सगळ्यांना ऐकू आलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तुम्हाला फेटा बांधला आणि कोंबडा दिला, आणि तुम्ही त्या रात्री तो कोंबडा खाल्लात. पोपट आयुष्यभर पाय ओढत चालला. मी विचारलं, मुद्दाम केलंत का? तुम्ही म्हणालात, "मला गोड लागलं ते, मृणाल. ते गोड लागतं म्हणून सांगतोय." मी ओनिगिरीचा कागद नीट घडी घालून प्लास्टिक-कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि विषय बदलला.

सप्टेंबरमध्ये आपण पहिला सामना जिंकलो. शेवटच्या मिनिटाला त्यांचा दांडगा धावपटू चेंडू घेऊन आमच्या मधोमध घुसला आणि कुरोइवा त्याला समोरून भिडला. मैदानाच्या वर, जिथे बसून मी आकडे टिपते त्या काचेच्या खोलीत मला तो आवाज ऐकू आला. धावपटू पाठीवर पडला, चेंडू सुटला, खेळ संपला. सगळे मैदानात धावले. मी किंचाळत होते, माझा घसा दोन दिवस बसला होता. तुम्ही एकटे धावला नाहीत. तुम्ही कुरोइवाकडे बघत होता. तो उठला आणि चालत चालत समोरच्या संघाच्या गोटात जाऊन उभा राहिला. त्यांच्यातल्याच एकानं त्याला खांद्याला धरून वळवलं.

आता माझं पाप सांगते. तुम्हाला ते माहीत होतंच, पण माझ्या तोंडून ऐकलेलं नाही.

प्रत्येक खेळाडूच्या पाठीवर एक चिप असते, तो कुठे होता, किती वेगानं हलला, हे त्यातून येतं. कुरोइवाच्या आकड्यांत अधूनमधून विचित्र काहीतरी यायला लागलं. मोठ्या टकरीनंतरच्या पुढच्या खेळीत, खेळ थांबून पुन्हा सुरू झाला की, तो उशिरा हलायचा. कधी भलत्याच जागी उभा असायचा. कधी खेळ सुरू झाला तरी तीन-चार सेकंद हललेलाच नसायचा. मी काय केलं? मी त्या खेळी गाळल्या. 'चिपमध्ये बिघाड' असं लिहून काढून टाकल्या. आकड्यांचं काम करणारे सगळेच असं करतात, घाण साफ करायची असते. आणि साफ केल्यावर कुरोइवाचा आलेख इतका सुंदर यायचा की मी तो मीटिंगमध्ये मोठा करून दाखवायची.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये माझ्या टेबलापाशी आलात. मला आठवतं, हातात छत्री होती आणि ती टपटप गळत होती. तुम्ही म्हणालात, तो हरवतोय. टक्कर झाली की तो काही वेळ तिथे नसतोच. डॉक्टरांच्या चाचणीत पास होतोय कारण मोसमाच्या पहिल्या दिवशी, जेव्हा धडधाकट होता, तेव्हाच त्यानं मुद्दाम वाईट पेपर लिहून ठेवलाय, म्हणजे नंतर डोकं बिघडलं तरी फरक दिसायला नको. त्यानं स्वतः तुम्हाला हसत हसत सांगितलं होतं हे. मी म्हटलं, डॉक्टर बघतील, माझं ते क्षेत्र नाही. तुम्ही म्हणालात, तुझ्या आकड्यांत दिसत असेल बघ. मी म्हटलं, माझ्या आकड्यांत काही नाही.

खोटं नव्हतं ते. तोवर मी ते काढून टाकलं होतं.

मग तुमचा आवाज चढला. माझाही चढला. तुम्ही मला म्हणालात की तुला रक्त आवडतं, पडद्यावर असलं तर. मी तुम्हाला म्हणाले की तुम्ही एका पोपटाचं पाप फेडायला आमच्या अख्ख्या संघाचा बळी देताय. अख्खं ऑफिस मान खाली घालून बसलं होतं. कुणाला मराठी कळत नव्हतं पण कळत सगळं होतं. तुम्ही छत्री माझ्या टेबलावर इतक्या जोरात आपटलीत की तिची काडी मोडली. ती मोडकी छत्री तिथेच टाकून पावसात निघून गेलात. मी ती मोठ्या कचऱ्यात टाकायची की धातूच्या, या विचारात पाच मिनिटं घालवली. मला तेवढंच सुचत होतं.

त्यानंतरही आपण बोलत होतो, मराठीत, तुटकतुटक. खरं तुटलं ते डिसेंबरात.

मोसम संपला. दोन सामने जिंकलो तरी आपण पुन्हा तळालाच, पुन्हा पहिली पाळी आपली. सगळ्यांना पुढच्या फळीत धिप्पाड माणूस हवा होता, भिंत हवी होती. तुम्ही मात्र मियाताचं नाव घेऊन बसलात. त्सुकुबाकडच्या एका लहान विद्यापीठाचा, मधोमध खेळणारा, किडकिडीत, ज्याच्या हेल्मेटाच्या माथ्यावर एक ओरखडा नाही. चार शनिवार गाडीनं जाऊन तुम्ही त्याचे सामने पाहून आलात. म्हणायचात, पकड चुकली की तो काय करतो ते बघा. पडल्या जागेवरून गुडघ्यावर रांगत रांगत पुन्हा धरायला जातो. पण मधोमध खेळणारा आपल्याकडे होताच की, कुरोइवा. मियाताला पहिल्या पाळीत घ्यायचं म्हणजे कुरोइवा संपला असं सांगायचं. तुम्हाला तेच सांगायचं होतं. आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं, कारण कुरोइवा माझी निवड होता.

जपानमध्ये मीटिंगला काही ठरत नाही, हे मला तुम्हीच पहिल्या महिन्यात शिकवलंत. माझा एक प्रस्ताव सगळ्यांसमोर आपटला तेव्हा मी जिन्यात रडत होते आणि तुम्ही मला तो शब्द सांगितलात, नेमावाशी. झाड हलवण्याआधी माळी मुळांभोवतीची माती सैल करतो तसं. आधी एकेकाला गाठायचं, चहा घ्यायचा, होकार गोळा करायचे, आणि मग मीटिंगला फक्त मान हलवायची. शिकवणारे तुम्ही, आणि वीस वर्षांत स्वतः एकदाही केली नाहीत. तुमचं सगळं इचलकरंजीच्या मैदानासारखं, उभं राहायचं आणि गरजायचं. मी मात्र चांगली विद्यार्थिनी निघाले.

आठवडाभर मी फिरले. नोगुचि-सानबरोबर त्यांच्या कुत्र्याला फिरवलं. मॅनेजर शिमिझु-सानना कुरोइवाचा तो साफ केलेला आलेख दाखवला. व्हिडिओच्या माणसाला, फिजिओला, सगळ्यांना गाठलं. म्हटलं, जाधव-सान मियाताचं नाव काढतील, भावनेच्या भरात बोलतील, समजून घ्या. दादा, मी हे शब्द वापरले. मीटिंगच्या दिवशी फळ्यावर नावं लागली तेव्हा मियाताचं नाव यादीतच नव्हतं. तुम्ही उभे राहिलात, बोलायला लागलात, आणि कुणी विरोधच करेना. सगळे आदरानं ऐकत होते, माना हलवत होते, 'विचार करू' म्हणत होते. दोन मिनिटांत तुमच्या लक्षात आलं. तुम्ही बोलता बोलता थांबलात, एकेकाच्या तोंडाकडे बघितलंत, आणि शेवटी माझ्याकडे. मी वहीत काहीतरी लिहीत होते. तुम्ही जपानीत म्हणालात, ठीक आहे, वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व. आणि बसलात.

तिथून ते नऊ दिवस.

दहनाला तीन दिवस थांबावं लागलं, इथे जागा लवकर मिळत नाही. सांगलीहून तुमच्या बहिणीचे फोन, तीन दिवस तसाच का ठेवलाय म्हणून, आणि वहिनी प्रत्येक वेळी तेच तेच समजावत होत्या. इथे भट्टीतून माणूस राख होऊन येत नाही, हाडं येतात, स्टीलच्या लांब ट्रेवर, जागच्या जागी. आणि जवळच्यांनी दोघादोघांनी मिळून काठ्यांनी एकेक हाड उचलून कलशात ठेवायचं असतं. वहिनींना हे कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं. त्या ट्रेकडे बघून मागे सरल्या आणि तन्वीनं, तुमच्या लेकीनं, त्यांना धरलं. गणवेशातला माणूस मऊ आवाजात सांगत होता, हे पायाचं, हे कमरेचं. माझ्यासमोर जोडीला कुरोइवा आला. काळा सूट त्याला खांद्यात होत नव्हता. मघाशी बाहेर त्यानं मला दोनदा विचारलं होतं, सेन्सेईंचं, म्हणजे गुरुजींचं, गाव कुठलं म्हणून, आणि दोनदा मी सांगितलं होतं.

तुमच्या पायाचं एक हाड आम्ही दोघांनी दोन बाजूंनी उचललं. मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो थांबला. काठ्या सैल झाल्या, हाड ट्रेवर पडून दोन तुकडे झाले, आणि त्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत माझी ओळखही नव्हती धड. आणि त्यानं अगदी नम्रपणे मला विचारलं, "सेन्सेई कुठे आहेत?"

दादा, तुम्ही ट्रेवर होता.

चार-पाच सेकंदांत तो परत आला. त्याला कळलं, आणि तो तिथेच गुडघ्यावर बसून ओक्साबोक्शी रडायला लागला. लोकांना वाटलं, दुःखानं. त्याला कवटाळून बाहेर नेलं. मी उरलेलं हाड एकटीनं उचललं, असं एकट्यानं उचलायचं नसतं तरी.

घरी येऊन मी गाळलेल्या खेळी परत काढल्या. चौदा होत्या. एकेकीची चित्रफीत जोडून बघितली. आठव्या फितीत कडेला तुम्ही दिसता. मैदानाच्या रेघेवर उभे, दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवताय, तोंड उघडं आहे, ओरडताय, त्याला बाहेर काढा म्हणून. फितीला आवाज नाही. तुमच्या शेजारी चौघंजण उभे आहेत आणि चौघंही चेंडूकडे बघतायत. काचेच्या खोलीतून मीही तिकडेच बघत होते. अनिकेत विचारत होता, जेवायचं का, आणि मी त्याच्या अंगावर अशी धावून गेले की तो बिचारा कुकर तसाच ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिला.

परवा गुरुवारी ड्राफ्टची शेवटची मीटिंग होती. मी कुणालाही आधी गाठलं नाही. चहा नाही, कुत्रा नाही, काही नाही. माझी पाळी आली तेव्हा चौदाच्या चौदा फिती लावल्या आणि म्हटलं की या मी गाळल्या होत्या, बिघाड म्हणून, आणि यात बिघाड नव्हता. पहिल्या दिवशीच्या पेपराचंही सांगितलं. माझा आवाज तुमच्यासारखा फाटला. जपानीत रागावण्याइतकी माझी जपानी चांगली नाही, त्यामुळे मी काय काय बोलले देव जाणे. शिमिझु-सानचं तोंड पांढरं पडलं. व्हिडिओचा माणूस बाहेर निघून गेला. नोगुचि-साननी विचारलं, हे तुम्हाला कधी दिसलं? मी सांगितलं, सप्टेंबरमध्ये. ते उठले, फळ्यावरचं धिप्पाड पोराचं नाव पुसलं आणि तिथे मियाताचं लिहिलं. माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या नोकरीचं काय ते ड्राफ्टनंतर बघणार आहेत.

कुरोइवाला तासाभरात कळलं. मी सामानाच्या खोलीत होते, तो दार लाथेनं उघडून आत आला. त्याचं ते गोड, आदराचं बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. स्टीलच्या कपाटावर त्यानं मुठी मारायला सुरुवात केली. माझ्या कानाजवळ. पत्रा आत गेला, मुठी फुटल्या, रक्त माझ्या बाहीवर उडालं, तरी तो थांबेना. एक हेल्मेट उचलून भिंतीवर फेकलं, ते उलटून येऊन माझ्या गुडघ्याला लागलं. आजही लंगडतेय मी. तू मला संपवलंस, म्हणत होता, मला दुसरं काही येत नाही, बापाला काय सांगू. मला पळून जाता आलं असतं, दार उघडं होतं. मी उभी राहिले. मार बसला असता तर मला बरं वाटलं असतं, इतकं सांगते.

मग तो दमला. आणि त्यानं तोच प्रश्न विचारला जो नोगुचि-साननी विचारला नाही. "सप्टेंबरपासून दिसत होतं, तर तेव्हा का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "जिंकत होतो म्हणून."

तो खाली जमिनीवर बसला. हातातून रक्त गळत होतं, मी टॉवेल दिला तो त्यानं घेतला. म्हणाला, दाखव. मी लॅपटॉप जमिनीवर ठेवला आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून बसलो. पहिली फीत त्या सप्टेंबरच्या सामन्याची. ती टक्कर, तो पाठीवर पडलेला धावपटू, धावत येणारी आपली माणसं, आणि त्या गर्दीतून एकटा उलट दिशेला चालत जाणारा कुरोइवा. तो पुढे वाकून बघत होता. त्यानं पुन्हा लावायला सांगितली. मी लावली. तिसऱ्यांदा लावली. मग तो माझ्याकडे वळला. मघाचा सगळा राग उतरला होता, चेहरा साधा झाला होता, आणि त्यानं विचारलं,

"आपण जिंकलो का हा सामना?"

दादा, याच सामन्यासाठी मी सगळं केलं. मी म्हटलं, हो, जिंकलो. त्याला बरं वाटलं.